मनाला हवा तो उजेड की ऊन?

हिवाळ्यात कुणी मलूल दिसलं की सल्ला तयारच असतो : "जरा उन्हात बसत जा, डी जीवनसत्त्व कमी झालं असेल." उन्हात बसायला हरकत काहीच नाही, पण पुढच्या निदानात गफलत आहे. सूर्यप्रकाश शरीरात दोन वाटांनी काम करतो, एक डोळ्यांची आणि दुसरी त्वचेची. हिवाळी नैराश्याचा धागा सापडतो तो डोळ्यांच्या वाटेवर. गोळ्या मात्र त्वचेच्या वाटेवरच्या, म्हणजे डीच्या, घेतल्या जातात.

डोळ्याच्या दृष्टिपटलात दिसण्याचं काम करणाऱ्या पेशींखेरीज आणखी एक जात असते. तिच्यात मेलानोप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं आणि ती सुमारे ४८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळसर प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देते. या पेशी स्वतःच प्रकाश टिपतात, हे २००२ साली स्पष्ट झालं. त्या थेट मेंदूतल्या जैविक घड्याळाला खबर देतात : दिवस उजाडला, मेलाटोनिन (रात्र झाल्याचं शरीराला कळवणारं संप्रेरक) थांबवा. हिवाळ्यात उशिरा उजाडतं, तशी ही खबरही उशिरा पोचते. काहींचं घड्याळ त्यामुळे मागे पडतं. सकाळ झाली तरी शरीराच्या लेखी रात्रच चालू असते. जास्त झोप, गोडधोड आणि पिष्टमय खाण्याची ओढ, वाढतं वजन ही हिवाळी नैराश्याची ओळख. मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेनथाल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं.

त्वचेचा कारभार निराळा. तिला दिसणाऱ्या उजेडाशी देणंघेणं नाही. तिला हवेत २९० ते ३१५ नॅनोमीटरचे अतिनील किरण. ते त्वचेतल्या कोलेस्टेरॉलच्या एका भाईबंदावर पडले की डी जीवनसत्त्वाची सुरुवात होते. पुढचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात.

बंद काचेच्या खिडकीशी बसून पाहा, फरक तिथेच कळतो. काच उजेड आत सोडते, हे अतिनील किरण मात्र जवळजवळ सगळे अडवते. म्हणजे सकाळी खिडकीशी बसलेल्याच्या घड्याळाला खबर मिळते, डी मात्र तयार होत नाही. उलट भर दुपारी काळा चष्मा लावून उन्हाकडे पाठ करून बसलेल्याच्या त्वचेची चंगळ होते, पण डोळ्यांपर्यंत उजेड पोचतो थोडाच, तोही सकाळ टळून गेल्यावर.

काळाचा हिशेबही जुळत नाही. डीचा साठा सावकाश उतरतो आणि हिवाळा सरता सरता तळाला जातो. हे नैराश्य मात्र दिवस लहान होऊ लागले की डोकं वर काढतं आणि डी अजून तळाशीच असताना, वाढत्या दिवसाबरोबर ओसरू लागतं.

मला सगळ्यात पटणारा पुरावा उपचाराचा. हिवाळी नैराश्यावर सकाळी साधारण अर्धा तास १०,००० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) दिव्यासमोर बसवतात. चांगल्या दिव्यात अतिनील किरण मुद्दाम गाळलेले असतात. डी तयारच होत नाही, तरी अनेकांना गुण येतो. याउलट २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत पन्नाशी उलटलेल्या १८,३५३ जणांपैकी काहींना रोज २,००० युनिट डी दिलं, इतरांना बिनऔषधी गोळी. पाच वर्षांहून अधिक काळानंतरही नैराश्याच्या धोक्यात फरक पडला नाही.

मग नैराश्य असलेल्यांच्या तपासणीत डी अनेकदा कमी का निघतं? खचलेला माणूस घराबाहेर पडत नाही, हे एक साधं कारण. म्हणून डी निरुपयोगी ठरत नाही. हाडांना ते लागतंच, शिवाय त्याच्या तीव्र कमतरतेतला थकवा आणि अंगदुखी उदासीसारखी भासू शकते. तपासणी जरूर करावी. गोळीनं मन उजळेल ही आशा मात्र बेताची ठेवावी.

डोळ्यांना किती उजेड मिळतो याचा आपला अंदाज फार चुकतो. दिवे लावलेल्या खोलीत साधारण १०० ते ५०० लक्स असतात, ढगाळ दिवशीही बाहेर काही हजार. डोळे जुळवून घेतात म्हणून तफावत जाणवत नाही. तेव्हा आभाळ भरलेलं असलं तरी सकाळी बाहेर फिरून यावं. सूर्याकडे टक लावून पाहायची गरज नाही, पाहूही नये.

बायपोलर विकार, म्हणजे कधी नैराश्य तर कधी उन्माद येणारा आजार, असेल तर मात्र सावध राहायला हवं. काहींचा उन्माद वसंत-उन्हाळ्यात, दिवस वाढले की उसळतो आणि तेजस्वी दिव्यानंही तो चेतू शकतो. अशांनी दिवा मनानं सुरू करू नये. मानसोपचारतज्ज्ञ कधी कधी सकाळऐवजी दुपारची वेळ ठरवतात आणि थोड्या मिनिटांपासून सुरुवात करतात.