पार्श्वभूमी : आजाराच्या नावातून कवटीतला दाब का वगळला?

संध्याकाळी नागपूरवरून काही मिनिटांत सरकत जाणारा ठळक ठिपका म्हणजे 400 किमी उंचीवरचे अंतराळस्थानक. तिथल्या माणसांच्या मेंदूविषयी मराठीत लिहिताना ‘कवटीतला दाब वाढतो’ हे वाक्य हमखास येते. त्याचे मूळ अंतराळवीरांच्या डोळ्यांच्या एका आजाराला घाईने ठेवलेल्या नावात आहे.

1984 ची भारतीय मोहीम आठवडाभराची होती. तेव्हा चिंता मळमळीची असे. मुक्काम सहा महिन्यांचे झाले आणि काहींना जवळचे वाचता येईना. 2011 मध्ये अशा 7 अंतराळवीरांची तपासणी प्रसिद्ध झाली. पाचजणांच्या डोळ्याच्या मुख्य नसेच्या टोकाला सूज होती, पाचजणांचा नेत्रगोल मागून चपटा झाला होता. वजनरहित अवस्थेत पायांकडचे द्रव डोक्याकडे सरकते, तेव्हा दाब वाढतच असणार, असे धरून तो दाब आजाराच्या नावातच घातला गेला.

पण मेंदूभोवतीचेच पाणी मणक्यात असते, म्हणून हा दाब मोजायला सहसा पाठीत सुई घालावी लागते, आणि कक्षेत तसे केले जात नाही. चौघांच्या पाठीतले पाणी तपासले ते परतल्यावर 12 ते 60 दिवसांनी. दाब भरला पाण्याच्या 21 ते 28.5 सेंमी उंच स्तंभाइतका, म्हणजे वरच्या मर्यादेच्या आसपास किंवा थोडा जास्त. दाब वाढलेल्या रुग्णाचे डोके सतत दुखते, कानात नाडीचे ठोके ऐकू येतात. इथे तसे चित्र नव्हते. पुढे, उपचारासाठी डोक्यात आधीच नळी बसवलेल्या स्वयंसेवकांना विमानात काही सेकंद वजनरहित ठेवून थेट मोजणी झाली. दाब आडव्या माणसापेक्षा कमी निघाला, मात्र उभ्या माणसाइतका उतरला नाही. आपण दिवसभर उभे-बसलेले असतो, तेवढी मेंदूला उसंत मिळते. तिथे ती चोवीस तासांत कधीच नाही. त्रास बहुधा या न मिळणाऱ्या उसंतीचा आहे. 2017 मध्ये नावातून ‘दाब’ वगळला, ते योग्यच झाले. त्याच वर्षी एमआरआयवर दिसले की लांब मुक्कामानंतर मेंदू कवटीत किंचित वर सरकतो.

मेंदूच्या कामगिरीचे चित्र वेगळे आहे. 2024 च्या अभ्यासात 25 अंतराळवीरांना 10 चाचण्या दिल्या: लक्ष आणि तात्पुरती स्मृती लागणाऱ्या कामांत वेग मंदावला, अचूकता टिकली. दोष एकट्या वजनरहिततेला देता येत नाही. वेळापत्रकात साडेआठ तास असले तरी झोप सहाच्या आसपास होते, दिवसाला 16 सूर्योदय होतात, हवेत कार्बन डायऑक्साइड पृथ्वीच्या कित्येक पट असतो. 2025 च्या भारतीय अंतराळवीराच्या मोहिमेत संगणकाचा पडदा हाताळताना नजर कशी ठरते आणि बोट कुठे पडते, हेच तपासले गेले.