गोल रुमाल ते गोल खेळणं : कोकणातल्या क्रोशाची पार्श्वभूमी

थोडी लोकर, क्रोशाची एक सुई, जुन्या उशीतून काढलेला कापूस आणि मोबाइलवर चालू ठेवलेला व्हिडिओ. एवढ्या भांडवलावर आज कोकणातल्या कितीतरी घरांत पहिला हसरा ऑक्टोपस तयार होतो. नवशिक्यांना तो सोपा पडतो, कारण डोकं म्हणजे एक गोळा आणि पाय म्हणजे आपोआप पीळ घेणाऱ्या साखळ्या. (मालवणकडच्या आज्या त्याला म्हाकुलासारख्या, म्हणजे स्क्विडसारख्या, दोन लांब सोंडा नाहीत हे बघून ‘ह्यो म्हाकूल नाय गो’ असा निकाल देऊन मोकळ्या होतात. मासळीच्या बाबतीत तिथे कुणाला फसवता येत नाही.) ही खेळणी ‘अमिगुरुमी’ या जपानी नावाने ओळखली जातात आणि त्यांचं आजचं रूप जपानचंच आहे. पण ज्या हातांनी ती कोकणात विणली जातात, त्या हातांना हे काम बऱ्याच आधीपासून येत होतं. फक्त ते सपाट होतं.

क्रोशे इजिप्तच्या काळापासून चालत आलंय, असं सांगणारे लेख पुष्कळ सापडतात. त्यांवर विश्वास ठेवू नये. डॅनिश अभ्यासक लिस पालुदान यांनी युरोपभर शोध घेतला, तरी १८०० च्या आधी तिथे क्रोशे होतं असा भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही. दोन सुयांवरचं विणकाम त्याहून कितीतरी जुनं. क्रोशाच्या आधीची पायरी, बहुतेक अभ्यासकांच्या मते, चौकटीवरच्या भरतकामाची आहे. कापड ताणून बसवायचं, दोरा कापडाखाली धरायचा, आकडीची सुई वरून खुपसून खालचा दोरा फासासारखा वर ओढायचा आणि त्या फासातून पुढचा फास काढायचा. कच्छ-सौराष्ट्रातले मोची चामड्यावर चालणारी आरी कापडावर चालवून हेच काम करत. गुजरातचं असलं भरतकाम सतराव्या शतकात युरोपियन व्यापारी कंपन्या जहाजांतून नेत होत्या. पुढच्या शतकात फ्रान्समध्ये या कामाचं एवढं वेड लागलं की द्रुए या चित्रकाराने १७६३-६४ मध्ये फ्रान्सच्या राजाची सखी मादाम द पोंपादूर हिचं चित्र काढलं, ते तिला भरतकामाच्या चौकटीशी बसवून. मग कधीतरी कापडच गळून पडलं. फासातून फास नुसते हवेत ओढले जाऊ लागले आणि साखळी एकटी उभी राहिली.

जाळी विणणाऱ्या गावांत यातली मेख लवकर कळते. मासेमारीचं जाळं गाठींचं असतं, एक धागा तुटला तरी शेजारच्या गाठी जागच्या हलत नाहीत. क्रोशात गाठ नाहीच, सगळा डोलारा फासांवर. शेवटचा फास सुटला आणि दोरा ओढला की तासाभराचं काम मिनिटात उसवून हातात येतं. नवशिक्याच्या दृष्टीने ही सोय आहे, चुकलेलं सगळं फुकटात परत मिळतं.

छापील नमुने १८२० च्या दशकात ‘पेनेलोपे’ या डच नियतकालिकात दिसू लागले आणि १८४० नंतर इंग्लंडमध्ये नमुन्यांच्या पुस्तकांचा पाऊस पडला. पण क्रोशाला पोटापाण्याचा धंदा केलं ते आयर्लंडने. १८४५ ते १८४९ या काळात तिथलं बटाट्याचं पीक रोगाने गेलं, माणसं उपाशी मेली, आणि कॉर्क शहरातल्या उर्सुलाइन पंथाच्या ख्रिस्ती जोगिणींनी (नन) व इतरांनी बायकांना क्रोशाची लेस शिकवली. व्हेनिसची सुईने केलेली महागडी लेस हुबेहूब दिसेल अशी, पण पुष्कळ लवकर होणारी. गरिबांकडे सुई कुठली? वाकवलेली साधी सुई बुचाच्या मुठीत खोचून काम चाले.

आपल्या देशात ही कला मिशनांमार्फत आली आणि आधी रुजली ती पूर्व किनाऱ्यावर. गोदावरीच्या मुखाजवळच्या नरसापूरला मॅक्रे या स्कॉटिश दांपत्याने १८४४ मध्ये ती शिकवली असं सांगतात. आज त्या क्रोशे लेसला भौगोलिक मानांकन आहे. समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी तिथल्या लेसकामगार बायकांचा अभ्यास १९८२ मध्ये प्रसिद्ध केला. दिवसाचे कित्येक तास निर्यातीचा माल विणणाऱ्या त्या बायकांना कुणी कामगार मानत नव्हतं. त्या ‘घरी बसून फावल्या वेळात’ काहीतरी करणाऱ्या गृहिणी ठरत आणि मजुरीही त्याच हिशेबाने मिळे. हे वाक्य आपल्याकडे आजही ऐकू येतं, म्हणून ते इथे मुद्दाम लिहिलं.

कोकणापुरतं बोलायचं तर स्कॉटिश मिशनचं ठाणं बाणकोटला १८२३ मध्येच पडलं होतं. जॉन आणि मार्गारेट विल्सन १८२९ मध्ये मुंबईला उतरले आणि मराठी शिकण्यासाठी बाणकोट-हर्णैकडे येऊन राहिले. पुढे मार्गारेटबाईंनी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या. त्या काळात क्रोशे खुद्द स्कॉटलंडमध्ये नवं होतं, तेव्हा हर्णैच्या पोरींनी लगेच सुई हातात घेतली असं म्हणण्यात अर्थ नाही. पण मुलींच्या शाळेत शिवण-टिपण हा अभ्यासाचा विषय असतो, ही कल्पना या शाळांनी पक्की केली आणि विणकामाला नंतर तोच रस्ता मिळाला. दुसरा रस्ता दक्षिणेकडून. गोव्यात पोर्तुगीज अमलाखाली ख्रिस्ती घरांत आणि कॉन्व्हेंटांत लेस व क्रोशे रुळलं होतं, आणि वेंगुर्ला-सावंतवाडीहून गोवा किती लांब?

आता हवामान. कोकणात स्वेटर कोण घालणार? त्यामुळे इथलं क्रोशे लोकरीचं झालंच नाही. ते झालं पांढऱ्या सुती दोऱ्याचं आणि बारीक पोलादी सुईचं. परकराची लेस, उशीच्या अभ्ऱ्याची कड, दाराचं तोरण, पाण्याच्या जगावरची मणी ओवलेली जाळी, रेडिओवरचा आणि नंतर टीव्हीवरचा रुमाल. लोकर घरात यायची ती बाळाच्या टोपऱ्या-मोज्यांपुरती. उरली तर ट्रंकेत जायची आणि एखाद्या पावसाळ्यानंतर तिला कसर लागलेली सापडायची. अॅक्रिलिकने ही अडचण सोडवली. ड्यू पाँट कंपनीने ‘ऑर्लॉन’ हा अॅक्रिलिक धागा १९५० मध्ये बाजारात आणला. त्याला कसर खात नाही, रंग भडक मिळतात आणि भाव परवडतो. आज लोकर म्हणून जे गुंडे आपण दुकानातून आणतो, त्यांतल्या बहुतेकांत मेंढीचा केससुद्धा नसतो.

या सुती काळात गोल रुमालाचा एक दंडक होता, तो टेबलावर सपाट बसला पाहिजे. मधल्या वळशात सहा मुके खांब (क्रोशातला एक बुटका टाका), मग प्रत्येक फेरीत सहा टाके वाढवत जायचं. मुका खांब जेवढा रुंद तेवढाच साधारण उंच असतो, आणि वर्तुळाचा परीघ त्रिज्येच्या सव्वासहा पटींच्या आसपास भरतो. म्हणून सहा. वाढ कमी पडली की कडा वर उचलल्या जातात, जास्त झाली की झालर पडते. दोन्ही वेळा मोठ्या बायका रुमाल पोरीच्या हातातून घेऊन उसवायला लावत.

ही दोन्ही बिघाडांची रूपं पुढे कामाची ठरली. झालरीचं आधी सांगतो. अतिपरवलयिक (हायपरबोलिक) भूमिती, म्हणजे झालरीसारख्या सगळीकडे वळत जाणाऱ्या पृष्ठभागाची भूमिती, हातात धरता येईल अशी दाखवायला गणितज्ञांना जड जात होती. कागदाच्या प्रतिकृती फाटायच्या. कॉर्नेल विद्यापीठातल्या दाइना तैमिना यांनी १९९७ मध्ये ती क्रोशाने विणून दाखवली. ठरावीक प्रमाणात टाके वाढवत राहायचं, बस्स. २००५ मध्ये मार्गारेट आणि क्रिस्टिन वर्थाइम या बहिणींनी याच झालरींतून विणलेल्या प्रवाळांचा प्रकल्प सुरू केला, कारण खरं प्रवाळही असंच वाढत जातं. प्रवाळ बघायला आपल्याला ऑस्ट्रेलियाला जायला नको. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतीच्या पाण्यात ते आहे, आणि त्यासाठी मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं. मालवणात कुणी झालरीचं प्रवाळ विणून विकायला ठेवलं तर ऑक्टोपसपेक्षा ते अधिक इथलं दिसेल, असं माझं मत.

उचललेल्या कडांचं झालं खेळणं. दोरा दोन बोटांभोवती गुंडाळून वळसा घ्यायचा, त्यात सहा मुके खांब घालायचे आणि सुटं टोक ओढायचं. मधलं भोक पूर्ण मिटतं. मग बारा, अठरा, चोवीस. इथवर रुमालच चाललाय. चोवीसवर वाढ थांबवून पाच-सहा फेऱ्या नुसत्या चोवीसच्या घेतल्या की कडा सरळ उभ्या राहतात. नंतर अठरा, बारा. इथे थांबून आत भरण घालायचं, सहावर यायचं आणि मोदकाच्या कळ्या वर एकत्र घेतो तसे ते सहा टाके दोऱ्यात ओवून आवळायचे. फेरी जोडून बंद करायची नाही, चढत्या वळणाने जात राहायचं, नाहीतर पाठीवर शिवण दिसते. सुई मात्र लोकरीच्या वेष्टनावर सांगितलेल्या मापाहून एक-दोन नंबर बारीक घ्यावी. रुमालात भोकं शोभून दिसतात, खेळण्यात त्यांतून पोट बाहेर येतं.

जपानमध्ये परदेशी व्यापारासाठी बंदरं उघडली १८५० च्या दशकात. १८६८ नंतरच्या मेजी काळात पाश्चात्त्य बायकांकडून आणि मिशनच्या शाळांतून विणकाम तिथल्या मुलींपर्यंत पोचलं, म्हणजे जवळपास आपल्यासारखंच. फरक पुढे पडला. त्यांनी टाक्यांची चिन्हं औद्योगिक मानकांत बसवून टाकली, त्यामुळे जपानी आकृती भाषा न येताही विणता येते. आणि १९७० च्या दशकात गोंडसपणा हीच तिथे एक मोठी बाजारपेठ झाली. ‘हॅलो किटी’ हे मांजरीसारखं कार्टून १९७४ चं. मोठं डोकं, चिमुकलं अंग, नाका-डोळ्यांत फारच थोडं अंतर, हा चेहरा विणलेल्या खेळण्यांना तिथूनच चिकटला. जपानबाहेर त्यांची लाट आली ती २००३ नंतर, आणि हातच्या वस्तू विकणाऱ्या ‘एट्सी’ (२००५) व विणकाम करणाऱ्यांच्या ‘रॅव्हलरी’ (२००७) या संकेतस्थळांनी ती घरोघर नेली. २०२० च्या टाळेबंदीत मुंबईचे चाकरमानी गावाला परतले, घरं भरली आणि मोबाइल सगळ्यांच्या हातात होता. पुढचं सांगायला नको.

व्हिडिओ बघून विणणाऱ्यांना एक जुना वारसा छळतो, तो इंग्रजीचा. अमेरिकन ‘सिंगल क्रोशे’लाच ब्रिटिश ‘डबल क्रोशे’ म्हणतात. अमेरिकन पद्धत डोक्यात बसलेल्या मुलीने ब्रिटिश नमुना उघडला की ती मुक्या खांबाऐवजी उंच खांब घालते आणि ऑक्टोपसच्या डोक्याची जाळी होते. साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब या मराठी नावांनी शिकलेल्यांना हा घोळ नडत नाही.

खेळण्यांची परंपरा कोकणाला नवी नाही, फक्त ती लाकडाची आहे. सावंतवाडीच्या चितार आळीत पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाची रंगीत फळं आणि खेळणी होतात. मऊ खेळणं म्हणजे आपल्याकडे चिंध्यांची बाहुली, आणि ती विकत कुणी घेत नसे. भरलेल्या खेळण्यांचा बाजार जर्मनीतून सुरू झाला. मार्गारेट श्टाइफ यांनी १८८० मध्ये टाचण्या टोचायची गादी म्हणून कापडी हत्ती शिवला आणि तो मुलांनी पळवला. टेडी अस्वल आलं १९०२-०३ मध्ये.

भरणाचा प्रश्न कोकणात जास्त टोकाचा आहे. पूर्वी उशीत सावरीचा कापूस असे. झाडाखाली पडलेली बोंडं फोडून काढलेला तो रेशमासारखा कापूस हातात घेतला की इतका हलका, की पंखा बंद करूनच भरायला बसावं लागतं. पण तो आणि साधा कापूस, दोन्ही खेळण्यात घालून धुतले की गोळे होतात, आणि जुलैत न वाळलेल्या पोटाला कुबट वास येऊन बुरशी धरते. इथे पॉलिस्टर फायबरला पर्याय नाही. उशीतला कापूस काढून वापरायचा तर तो शोकेसमधल्या खेळण्याला ठीक, बाळाच्या हातातल्याला नको.

डोळ्यांचंही तेच. मागून चकती बसवून घट्ट करायच्या प्लॅस्टिक डोळ्यांचा उगम १९४८ चा. वेल्समध्ये अस्वलं बनवणाऱ्या वेंडी बोस्टन यांनी तेव्हा स्क्रूने आवळायच्या डोळ्यांचं पेटंट घेतलं होतं. कापडी खेळण्याला ते बरे. क्रोशाचा टाका ताणला की भोक रुंदावतं आणि डोळा चकतीसकट निघू शकतो. तीन वर्षांखालच्या मुलासाठी डोळे काळ्या दोऱ्याने भरावेत, हसू तर भरायचंच असतं.

विकण्याबद्दल थोडं. लेससारखं दिसणारं कापड यंत्रावर निघतं, पण बाजारातलं क्रोशाचं खेळणं, मग ते कितीही स्वस्त असो, कुणाच्यातरी हातचंच असतं, कारण ते कारखान्यात काढणारं यंत्र बाजारात नाही. शंभर रुपयांच्या कासवामागची मजुरी त्यावरून काढता येईल. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून देशात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह बंधनकारक आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी स्वतः बनवलेल्या मालाला त्यातून सूट दिली आहे. म्हणजे बचत गटाचा स्टॉल लावण्याआधी कारागीर म्हणून नोंदणी करून घ्यायची, मग भाव ठरवायचा.