बिशप बार्बरा क्लेमेंटाइन हॅरिस

बार्बरा हॅरिस (१२ जून १९३० – १३ मार्च २०२०) या अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चच्या बिशप (बिशप म्हणजे पाळकांच्या वरचे धर्मगुरू), आणि जगभरच्या अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या, मंडळ्यांमधे बिशप झालेल्या पहिल्याच बाई. एपिस्कोपल चर्चचं मूळ इंग्लंडच्या चर्चमधे, अमेरिका स्वतंत्र झाल्यावर तिथल्या लोकांनी इंग्लंडच्या राजाला मानणं बंद केलं पण उपासनेची पद्धत, प्रार्थनापुस्तक, बिशपांची परंपरा हे बरंचसं तसंच ठेवलं. आपल्याकडे मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूरचे धर्मप्रांत ज्यात येतात ते चर्च ऑफ नॉर्थ इंडियासुद्धा याच अँग्लिकन परिवारातलं.

जन्म फिलाडेल्फियाचा, कृष्णवर्णीय कुटुंबातला. वडील पोलाद कामगार, आई जर्मनटाउन भागातल्या सेंट बार्नबस चर्चमधे ऑर्गन वाजवायची, त्यामुळे चर्च लहानपणापासून घरचंच. पण चर्चमधे जाऊन पाळक व्हायचं हे त्या काळात मुलीच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. शाळेत असतानाच त्या पिट्सबर्ग कुरियर या कृष्णवर्णीयांच्या पेपरच्या स्थानिक आवृत्तीत सदर लिहायच्या, पुढे जाहिरात आणि पत्रकारितेचा कोर्स केला आणि जनसंपर्काच्या धंद्यात शिरल्या. जोसेफ बेकर यांची फर्म मोठमोठ्या कंपन्यांना कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांपर्यंत पोचायला मदत करायची, तिथे १९५८ मधे त्या अध्यक्ष झाल्या, म्हणजे वय अठ्ठावीसच्या आसपास! १९६८ पासून सन ऑइल या तेल कंपनीत, तिथेही जनसंपर्क विभागाच्या प्रमुखपदापर्यंत गेल्या. मधे एक लग्न झालं, थोड्याच वर्षांत घटस्फोट झाला.

नोकरी चालू असतानाच दुसरं काम चालू होतं आणि माझ्या मते खरी बिशप तिथेच घडली. मिसिसिपीत जाऊन कृष्णवर्णीयांची मतदार नोंदणी केली (ते करताना लोकांचे जीव जात होते हे विसरू नये), मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या १९६५ च्या सेल्मा ते मॉन्टगोमेरी मोर्चात चालल्या, आणि वर्षानुवर्षं तुरुंगात जाऊन कैद्यांना भेटत राहिल्या. त्यांचं चर्च म्हणजे उत्तर फिलाडेल्फियातलं चर्च ऑफ द अॅडव्होकेट, पाळक पॉल वॉशिंग्टन. १९६८ मधे ब्लॅक पॉवर या कृष्णवर्णीयांच्या चळवळीची राष्ट्रीय परिषद भरली ती याच चर्चमधे.

२९ जुलै १९७४ ला याच चर्चमधे ११ बायकांना पाळकपदाची दीक्षा दिली गेली, चर्चची परवानगी नसताना. त्या दिवशी मिरवणुकीच्या पुढे क्रूस धरून चालणारी बाई म्हणजे बार्बरा हॅरिस, तेव्हा त्या साध्या सभासद होत्या. बरंच वादळ उठलं, आणि १९७६ मधे चर्चच्या महासभेने बायकांच्या दीक्षेला मान्यता दिली. मग हॅरिस स्वतः नोकरी सांभाळून धर्मशिक्षण घेत १९७९ मधे डीकन (पाळकाच्या आधीची पायरी) आणि १९८० मधे प्रिस्ट, म्हणजे पाळक, झाल्या. नॉरिसटाउनचं छोटं चर्च सांभाळलं, फिलाडेल्फियाच्या तुरुंगांत चॅपलेन, म्हणजे कैद्यांसाठीच्या पाळक, म्हणून काम केलं, आणि १९८४ पासून द विटनेस हे मासिक काढणाऱ्या एपिस्कोपल चर्च पब्लिशिंग कंपनीच्या संचालक होत्या. वंशभेद, बायकांचे हक्क, समलिंगी लोकांचा चर्चमधला मान, सगळ्यावर त्या सडेतोड लिहायच्या, कोणाची भीड नाही.

२४ सप्टेंबर १९८८ ला मॅसॅच्युसेट्स धर्मप्रांताने त्यांना सफ्रगन बिशप म्हणून निवडलं, म्हणजे मुख्य बिशपच्या हाताखालचा बिशप, पण दीक्षा तीच आणि मानही तोच. एपिस्कोपल चर्चमधे बिशप वरून नेमला जात नाही, धर्मप्रांताचे पाळक आणि साध्या सभासदांचे प्रतिनिधी मिळून मतदान करतात, आणि एका फेरीत बहुमत नाही झालं तर परत परत. हॅरिस आठव्या फेरीत निवडून आल्या. नंतर देशातल्या बाकी धर्मप्रांतांची बहुमताने संमती लागते. त्या महिन्यांमधे विरोध जोरात होता: बाई आहे, घटस्फोटित आहे, सेमिनरीची (पाळक घडवणाऱ्या कॉलेजची) डिग्री नाही, फार डावी आहे. डिग्रीचा मुद्दा मला सगळ्यात पोकळ वाटतो, कारण तुरुंगात आणि मिसिसिपीत जी बाई वीस वर्षं उभी होती तिला माणसं सांभाळायला कोण शिकवणार होतं?

११ फेब्रुवारी १९८९ ला बॉस्टनच्या हाइन्स सभागृहात सुमारे ८००० लोकांसमोर दीक्षाविधी झाला. जिवे मारायच्या धमक्या आल्या होत्या, पोलिसांनी बुलेटप्रूफ जॅकेट देऊ केलं, त्यांनी घातलं नाही. विधीत आक्षेप विचारतात तेव्हा दोघांनी उठून विरोध नोंदवला, सगळ्या एपिस्कोपल चर्चचे मुख्य बिशप एडमंड ब्राउनिंग यांनी तो ऐकून घेतला आणि विधी पुढे नेला. प्रवचन पॉल वॉशिंग्टन यांचं. आणि १९४४ मधे चीनमधे दीक्षा मिळालेल्या पहिल्या अँग्लिकन स्त्री पाळक, फ्लोरेन्स ली टिम ओई, याही हजर होत्या.

पुढची १३ वर्षं त्यांनी याच पदावर काढली. हा तोच धर्मप्रांत जिथे १९७० मधे जॉन बर्जेस हे एपिस्कोपल चर्चच्या अमेरिकेतल्या एखाद्या धर्मप्रांताचे प्रमुख होणारे पहिले कृष्णवर्णीय बिशप झाले होते. १९९८ च्या लॅम्बेथ परिषदेत जगभरच्या अँग्लिकन बिशपांमधे ११ बायका होत्या, त्यातल्या एक हॅरिस. इंग्लंडच्या चर्चमधे मात्र पहिली स्त्री बिशप २०१५ मधे झाली, त्याआधी २०१३ मधे आपल्याकडे चर्च ऑफ साउथ इंडियात एग्गोनी पुष्पललिता बिशप झाल्या होत्या.

२००२ मधे हॅरिस निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी गेल हॅरिस आल्या (आडनाव सारखं, नातं नाही), त्याही कृष्णवर्णीय. त्यानंतर बार्बरा हॅरिस काही वर्षं वॉशिंग्टन धर्मप्रांतात मदतीला होत्या. न्यू हॅम्पशायरमधे मुलांसाठी चालणाऱ्या चर्चच्या कॅम्पला त्यांचं नाव दिलंय.