नवं पिल्लू आणि घरातला मोठा कुत्रा: मस्ती कुठवर चालू द्यायची?

पिल्लू घरी आणलं की ग्राहक आम्हाला हमखास विचारतात, "आमचा मोठा त्याच्यावर गुरगुरतो, रागावू का त्याला?" अजिबात रागावू नका. "आता पुरे" हे तो पिल्लाला त्याच्या भाषेत सांगतोय. गुरगुरल्याबद्दल ओरडा खाल्लेला कुत्रा पुढच्या वेळी न गुरगुरता सरळ चावू शकतो. या पत्रकातलं हे एवढं जरी लक्षात ठेवलंत तरी खूप झालं.

दोन महिन्यांच्या पिल्लाच्या तोंडात सुईसारखे 28 दुधाचे दात असतात. सहा-सात महिन्यांपर्यंत त्यांच्या जागी 42 पक्के दात येतात आणि तोवर ते मोठ्याचे कान, शेपूट, तुमची पायजम्याची नाडी, सगळं चावणार. किती जोरानं चावलं की समोरच्याला लागतं, हे पिल्लू भावंडांशी खेळताना शिकतं. लवकर वेगळं काढलेल्या पिल्लाचं हे शिक्षण अर्धवट राहतं. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांबाबतच्या केंद्र सरकारच्या 2017 च्या नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला बंदी आहे, तेव्हा कुणी देऊ केलं तरी घेऊ नका.

खऱ्या खेळात आवाज भरपूर होतो, दातही दिसतात, पण अंग सैल असतं. पुढचे पाय पसरून छाती जमिनीला टेकवली आणि ढुंगण वर केलं की ते खेळाचं आमंत्रण. पाळीही बदलत राहते: कधी हा मागे धावतो, कधी तो. समजूतदार मोठा कुत्रा तर आपणहून उताणा पडून पिल्लाला जिंकू देतो. अंग ताठ झालं, तोंड मिटलं, नजर रोखली आणि आवाज एकदम थांबला, की मात्र लगेच थांबवा. मोठा सारखी मान वळवत असेल, ओठ चाटत असेल किंवा पलंगाखाली शिरत असेल, तर तो कंटाळलाय. शंका वाटली तर पिल्लाला क्षणभर उचलून घ्या. मोठा स्वतःहून जवळ आला तर खेळू द्या, निघून गेला तर आजचा खेळ संपला.

खेळताना दोघांचे गळपट्टे काढून ठेवा. लोळता लोळता एकाचा खालचा जबडा दुसऱ्याच्या पट्ट्यात अडकतो, घाबरून तो गिरकी घेतो, पट्ट्याला पीळ बसतो आणि दुसऱ्याचा गळा आवळला जातो. दोघंही जिवाच्या आकांतानं ओढत असताना ते बक्कल सुटता सुटत नाही.

वयस्कर लॅब्रेडॉर किंवा जर्मन शेफर्ड असेल तर त्याचे खुब्याचे सांधे दुखत असण्याची शक्यता बरीच असते, आणि पिल्लू नेमकं तिथेच उडी मारतं. एरवी शांत असलेला कुत्रा चिडका झाला तर आधी डॉक्टरांना दाखवा. आपल्या घरातली वेदनाशामक गोळी त्याला देऊ नका. आयबुप्रोफेननं कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, मूत्रपिंडंही निकामी होऊ शकतात.

पहिले काही आठवडे दोघांना घरात एकटं सोडू नका. जेवण वेगवेगळ्या खोल्यांत द्या. फ्लॅट लहान असला तरी मोठ्याला पिल्लू पोहोचणार नाही असा एक कोपरा हवाच. पिल्लाला दिवसाला 18 ते 20 तास झोप लागते. संध्याकाळी ते वेड्यासारखं चावत सुटलं तर बहुतेकदा झोपच झालेली नसते.

भांडण जुंपलंच तर मध्ये हात घालू नका. पातेलं आपटा, पाणी ओता किंवा अंगावर चादर टाका. तुम्हाला चावा बसला तर जखम वाहत्या पाण्यात साबणानं 15 मिनिटं धुवा आणि लगेच दवाखाना गाठा.

लसीकरण पूर्ण न झालेलं पिल्लू आम्ही आमच्या खेळाच्या आवारात घेत नाही, कारण पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. तोवर दोघांच्या खेळाचा छोटा व्हिडिओ काढून पाठवा. त्यात मोठ्याचं तोंड आणि शेपूट दोन्ही दिसू द्या, म्हणजे आम्हाला नीट सांगता येईल.