दृष्टीचे मेंदूविज्ञान आणि सायटेशनचा हिशेब : पार्श्वभूमी

दृष्टीवर काम करणाऱ्या मेंदूशास्त्रज्ञाची ओळख आज पेपर किती, सायटेशन (इतरांच्या पेपरांत आलेले उल्लेख) किती आणि एच-इंडेक्स (प्रत्येकी किमान दहा सायटेशन मिळालेले दहा पेपर असले तर दहा) किती, या तीन आकड्यांनी करून दिली जाते. निवड समितीपुढे बहुधा तेवढेच वाचले जाते. या आकड्यांत शास्त्रज्ञाच्या कामाइतकाच नोंद ठेवणाऱ्यांच्या पद्धतीचाही वाटा आहे आणि तो फार जुना आहे.

मेंदूच्या मागच्या भागाला इजा झाली की दृष्टी जाते, हे एकोणिसाव्या शतकातच कळले होते. आजचे क्षेत्र उभे राहिले ते १९५८च्या बाल्टिमोरमध्ये. दोन तरुण संशोधक मांजरीच्या मेंदूतल्या एकेका पेशीचे विद्युतसंकेत लाउडस्पीकरवर ऐकत होते. काचपट्टीवरच्या काळ्या ठिपक्याला पेशी दाद देईना. पट्टी सरकवताना तिच्या कडेची पुसट रेघ मांजरीच्या दृष्टिपटलावरून गेली आणि पेशी धडधडून बोलू लागली, तेही रेघ ठरावीक कोनात असेल तेव्हाच. १९५९चा पेपर, मग १९६२चा ४९ पानांचा पेपर आणि १९६३ मध्ये एक डोळा शिवून ठेवलेल्या मांजरीच्या पिल्लांवरचा पेपर. १९८१चे अर्धे नोबेल दोघांना मिळून मिळाले, उरलेले अर्धे तिसऱ्या एका शास्त्रज्ञाला.

सायटेशनच्या वहीत मात्र दोघे बरोबरीचे नव्हते. फिलाडेल्फियाहून १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला निघू लागलेल्या, कोणत्या पेपराचा कुणी उल्लेख केला हे नोंदवणाऱ्या सूचीची कल्पना १९५५ मध्ये मांडली गेली. तिचा नमुना होता अमेरिकी वकिलांची जुन्या निवाड्यांची सूची आणि हेतू होता वाचकाला संबंधित पेपर सापडावेत हा. माणसांचे मोल ठरवायला ती काढलेलीच नव्हती. छपाईच्या सोयीसाठी उद्धृत पेपर फक्त पहिल्या लेखकाच्या नावाखाली नोंदवला जाई. १९५९ आणि १९६२च्या पेपरांवर एकाचे नाव आधी होते, १९६३च्या पेपरावर दुसऱ्याचे. म्हणजे पेशींच्या रचनेचे सगळे श्रेय एकाच्या खात्यावर आणि डोळा बंद ठेवण्याच्या परिणामांचे बरेचसे दुसऱ्याच्या. दोघांनी प्रयोगाच्या टेबलाशी शेजारी बसून केलेले काम असे विभागले गेले. सर्वाधिक उद्धृत लेखकांची सहलेखकांसह यादी यायला १९७८ उजाडले. तोवर पहिल्या नावावरचे आकडे वापरायची सवय जडली होती. माझ्या मते या क्षेत्रातल्या मोजमापाची मूळ चूक हीच. नंतरचे बहुतेक वाद तिच्याच पोटातले आहेत.

२००५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका भौतिकशास्त्रज्ञाने एच-इंडेक्स सुचवला. अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठात कायम होण्यासाठी साधारण १२ आणि पूर्ण प्राध्यापकासाठी १८, हे त्याचे अंदाज भौतिकशास्त्रापुरते होते. जीवविज्ञानात हा आकडा एरवीच चढा असतो, हेही त्याने त्याच पेपरात नोंदवले होते. पण आकडा सगळीकडे गेला आणि ही सूचना मागे राहिली. या मापात चारच पेपर लिहिणाऱ्याचा आकडा चारच्या वर जाऊ शकत नाही, मग त्यातल्या प्रत्येकाला हजारो सायटेशन का मिळेनात. शिवाय एकाच व्यक्तीचा आकडा तीन डेटाबेसमध्ये तीन निघतो, कारण कुणी परिषदेतले लेख आणि प्रबंध मोजतो, कुणी नाही. अर्जात कोणता लिहायचा, हा प्रश्न संशोधकांना खराखुरा छळतो.

दृष्टीच्या क्षेत्रात यात आणखी एक गुंता आहे. नजर आधी कुठे वळेल याचे गणिती प्रारूप मांडणारा १९९८चा एक पेपर मेंदूशास्त्रज्ञांपेक्षा संगणकवाल्यांच्या जास्त कामी आला. २०१२ नंतर प्रतिमा ओळखणाऱ्या न्यूरल नेटवर्कची लाट आली आणि संगणकाशी नाते असलेल्या पेपरांची सायटेशन भराभर वाढली. माकडाच्या मेंदूतल्या पेशी वर्षानुवर्षे नोंदवत बसणाऱ्याच्या वाट्याला त्यातले फारसे येत नाही.

दिल्लीचे उदाहरण इथे द्यायलाच हवे. हाताने ओळखलेली वस्तू जन्मांध माणसाला दृष्टी येताच नुसती बघून ओळखता येईल का, हा प्रश्न १६८८ मध्ये डब्लिनहून विचारला गेला होता. जन्मतः अंध असलेल्या आणि शस्त्रक्रियेनंतर पाहू लागलेल्या मुलांवरचा दिल्लीतला अभ्यास २०११ मध्ये छापून आला. मुले होती अवघी पाच, वय ८ ते १७. उत्तर आले: लगेच नाही. पुन्हा तपासलेल्या मुलांना मात्र काही दिवसांतच जमू लागले. अशी मुले शोधायची, घरच्यांची समजूत काढायची, शस्त्रक्रिया करवायची, मग तपासायचे. एवढ्या सव्यापसव्यातून निघालेला पेपर यादीत एकच ओळ व्यापतो.

२०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून (त्यातल्या पेपरांना सरासरी किती सायटेशन मिळतात त्या आकड्यावरून) माणसाची पारख करू नये असे एका जाहीरनाम्याने सांगितले. आपल्याकडे त्याआधी दोनच वर्षे, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१०च्या नियमावलीने, प्राध्यापकांच्या बढतीला एपीआयचे (शैक्षणिक कामगिरीच्या निर्देशांकाचे) गुण जोडले होते आणि इम्पॅक्ट फॅक्टरला त्यात वाढीव गुण होते. काही अनुदान-योजना आता अर्जदाराला मोजकेच पेपर निवडून त्यांत आपण नेमके काय केले ते लिहायला सांगतात. दोन नावांच्या पेपरात कुणाचा हात कशाला लागला, हे तिथे निदान विचारले जाते.