राजी : ॲन एन्शंट एपिक

पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्वतंत्र स्टुडिओने बनवलेला पौराणिक व्हिडिओ गेम. १८ ऑगस्ट २०२० रोजी तो प्रथम निन्टेन्डो स्विच या कन्सोलवर, म्हणजे खेळांसाठीच्या यंत्रावर आला. संगणक आणि इतर कन्सोलवर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये. खेळाचा प्रकार मुख्यतः ॲक्शन-ॲडव्हेंचर असला, तरी दुर्गेच्या कृपेने मिळणारे शक्तिबिंदू शस्त्रांवर वाटून आपली राजी घडवण्याची सोय रोल-प्लेइंग गेमची आठवण देते.

राजी ही डोंबाऱ्याच्या कसरती करणारी अनाथ मुलगी, तिचा धाकटा भाऊ गोलू कठपुतळ्या नाचवणारा. रक्षाबंधनाच्या दिवशी असुर हल्ला करतात आणि मुलांना पळवून नेतात. त्यांत गोलूही जातो. असुरांचा अधिपती महाबलासुर याच्याशी झुंजायला दुर्गा या मुलीची निवड करते आणि तिच्या हाती त्रिशूळ येतो. पुढे विष्णूकडून धनुष्य मिळते. लढाईत मात्र कामी येते ती कसरतच : खांबाभोवती गिरकी घ्यायची, भिंतीवरून धावत जाऊन झेप टाकायची. हे फार नेमके सुचले आहे, कारण वरदान मिळाल्यावरही राजी सर्कशीतलीच मुलगी राहते.

धर्म इथे केवळ सजावट नाही. दुर्गा आणि विष्णू हेच कथेचे निवेदक आहेत. राजीची धडपड पाहत ते आपसात बोलतात. वाटेत भिंतींवरची चित्रे लागतात, त्यांच्यापाशी थांबले की देवादिकांच्या कथा ऐकू येतात. देवळातली शिल्पे दाखवत आजीने गोष्ट सांगावी, तसा हा अनुभव आहे, आणि या खेळाचे खरे सामर्थ्य मला त्यातच दिसते. फिरती मंडले जुळवून सोडवायची कोडीही आहेत. वास्तूंवर राजस्थानी किल्ल्यामहालांची छाप आहे, रंगांवर पहाडी चित्रशैलीची. कथेचे दुवे छायाबाहुल्यांतून उलगडतात; कोकणातल्या पिंगुळी गावचा चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ पाहिलेल्याला ते लगेच ओळखीचे वाटतील. संगीत ग्रीक संगीतकार लिनोस त्झेलोस यांचे आहे.

२०१७ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर मागितलेला निधी जमला नाही. काम थांबू नये म्हणून संस्थापकांपैकी श्रुती घोष यांनी आपले घर विकले. पुढे प्रकाशक मिळाला आणि खेळ पूर्ण झाला. २०२० च्या गेम ॲवॉर्ड्समध्ये सर्वोत्कृष्ट पदार्पणासाठी त्याला नामांकन होते.

दृश्यांचे सर्वत्र कौतुक झाले. लढाईतला तोचतोपणा, कमी लांबी आणि घाईने उरकलेला शेवट यांवर टीका झाली. शेवटाबद्दलची टीका रास्त आहे. मूळ निवेदन इंग्रजीत होते. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज आले, आणि दुर्गा-विष्णूंचे संवाद भारतीय भाषेत ऐकता येऊ लागले.