बायोबॉल आणि सच्छिद्र ठोकळा: नायट्रेट नेमकं कुठून येतं

"बायोबॉल म्हणजे नायट्रेटचा कारखाना. ते काढून टाक आणि सम्पमध्ये सच्छिद्र सिरॅमिक ठेव." रीफ टँक, म्हणजे प्रवाळांचा खाऱ्या पाण्याचा टँक, नव्याने मांडणाऱ्या प्रत्येकाला हा सल्ला कुणी ना कुणी देतंच. (सम्प म्हणजे टँकखालची फिल्टरची टाकी.) त्यातला दुसरा भाग ठीक आहे. पहिला चूक आहे, आणि त्या चुकीपायी दुसराही वाया जातो. माणूस महागडा ठोकळा आणतो, पंपाच्या धारेत ठेवतो, पंधरा दिवसांनी नायट्रेट मोजतो. आकडा जागचा हललेला नसतो. मग तो आणखी दोन ठोकळे आणतो. हे मी इतक्या टँकांत पाहिलंय की आता एकदा सविस्तर लिहायलाच हवं.

गोड्या पाण्याचा टँक ज्याने सांभाळलाय त्याला बायोबॉल समजावून सांगायला नको. प्लास्टिकचा पोकळ, जाळीदार चेंडू. वरून पाणी ठिबकतं, मधून हवा खेळते, प्लास्टिकवर जिवाणूंचा पातळ थर धरतो. त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट. दोन्ही कामांना ऑक्सिजन भरपूर लागतो आणि बायोबॉलला तो हवेतूनच मिळतो. म्हणून अमोनिया संपवण्यात त्याचा हात धरणारं फारसं काही नाही.

मीडिया म्हणजे जिवाणूंना बसायला फिल्टरमध्ये ठेवलेली वस्तू; सच्छिद्र मीडिया म्हणजे भाजून फेसासारखं केलेलं सिरॅमिक, सिपोरॅक्ससारखी वितळवून जोडलेल्या कणांची काच, किंवा ज्वालामुखीतून आलेला प्यूमिस दगड. कांडी, गोळी, पाटी, ठोकळा, आकार कसलाही असो. सिरॅमिक जड असतं, कडा झडतात, महाग पडतं. प्लास्टिक हलकं आणि स्वस्त. बाह्य फरक एवढेच, त्यांत वेळ घालवण्यासारखं काही नाही. फक्त बाजारात सिरॅमिक रिंग म्हणून मिळणारी प्रत्येक वस्तू सच्छिद्र नसते. काही रिंगा कपबशीसारख्या गुळगुळीत असतात. कोरड्या रिंगेवर पाण्याचा थेंब टाकावा. लगेच आत शोषला गेला तर घ्यावी, वर मोत्यासारखा बसून राहिला तर तिथेच ठेवून यावी.

आता मूळ घोळ.

नायट्रेट येतं ते आपण घातलेल्या खाद्यातून. कोरड्या खाद्यात निम्मं प्रथिन धरू. प्रथिनात वजनाच्या साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो. म्हणजे १ ग्रॅम खाद्यात ८० मिलिग्रॅम नायट्रोजन. तो सगळा शेवटी नायट्रेट झाला तर त्याचं वजन ३५० मिलिग्रॅमच्या आसपास भरतं, कारण नायट्रोजनला ऑक्सिजन जोडला की वजन जवळजवळ साडेचार पट होतं. २०० लिटर पाण्यात हे झालं पावणेदोन पीपीएम, म्हणजे लिटरला पावणेदोन मिलिग्रॅम. रोज १ ग्रॅम घालणाऱ्याच्या टँकमध्ये आठवड्याला बारा पीपीएम. यातलं थोडं माशांच्या अंगी लागतं, थोडं शेवाळ घेतं, थोडं सडण्याआधीच स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) बाहेर काढतो. उरलेल्याचं नायट्रेट होणारच, मग ते बायोबॉलवर होवो, दगडावर होवो, वाळूत होवो की तुमच्या नव्या ठोकळ्यावर.

बायोबॉल जास्तीचं नायट्रेट बनवूच शकत नाही. जेवढा अमोनिया येईल तेवढंच नायट्रेट होईल. हीच गोष्ट उलट बाजूनेही खरी आहे. मीडिया दुप्पट केला म्हणून जिवाणू दुप्पट होत नाहीत. त्यांची संख्या जागेवर ठरत नाही, खाण्यावर ठरते. टँकमध्ये पुरेसे दगड असतील आणि अमोनिया शून्य दाखवत असेल तर अमोनियासाठी आणखी मीडिया घालून काहीच पदरात पडत नाही.

मग बायोबॉल काढल्यावर नायट्रेट उतरलं हा इतक्या जणांचा अनुभव खोटा का? अजिबात नाही. उतरण्याची कारणं दोन. एक साधं: त्या चेंडूंच्या जाळीत वर्षानुवर्षांचा गाळ अडकून सडत असतो, तो चेंडूंबरोबर बाहेर गेला. दुसरं कारण या सगळ्या विषयाचं मर्म आहे. चेंडू गेले तेव्हा अमोनिया खाण्याचं काम दगडांच्या पृष्ठभागावर सरकलं. बायोबॉलवर नायट्रेट तयार होतं ते उघड्या वाहत्या पाण्यात, आणि तिथून थेट टँकमध्ये जातं. दगडावर ते तयार होतं तिथून मिलिमीटरभर आत, छिद्रांच्या अंधारात, ते खाणारे दुसरे जिवाणू बसलेले असतात. तयार झालेलं नायट्रेट बाहेर पडण्याआधीच त्यातला काही भाग आत ओढला जातो.

हे आतले जिवाणू वेगळ्या स्वभावाचे. ऑक्सिजन मिळत असेल तर तेही ऑक्सिजनच वापरतात. तो जवळजवळ संपतो तेव्हा नाइलाजाने नायट्रेटमधल्या ऑक्सिजनवर जगतात, आणि उरलेला नायट्रोजन वायूच्या रूपात पाण्यातून निघून जातो. म्हणजे एकाच ठोकळ्यात दोन परस्परविरोधी कामं चालतात. बाहेरच्या थराला ऑक्सिजन हवा, आतल्याला तो चालत नाही. गंमत अशी की आतली ही परिस्थिती बाहेरचाच थर निर्माण करतो. छिद्रांच्या आत पाणी वाहत नाही, विरघळलेले पदार्थ एकेक कण झिरपत जातात. तोंडाशी बसलेले जिवाणू वाटेतच ऑक्सिजन खाऊन टाकतात, आणि नायट्रेट मात्र पुढे सरकतं. रीफ टँकच्या २५-२६ अंशांच्या खाऱ्या पाण्यात मुळात ऑक्सिजन लिटरला साडेसहा मिलिग्रॅमच्या आसपासच मावतो, त्यामुळे तो संपायला फार खोल जावं लागत नाही.

म्हणून मी असं सांगतो: सच्छिद्र ठोकळा बाहेरून बायोबॉलच असतो. तुम्ही जास्तीचे पैसे मोजता ते त्याच्या पोटासाठी. सम्पमध्ये तो कसा ठेवायचा याची सगळी उत्तरं या एका वाक्यातून निघतात.

पहिलं म्हणजे धार. ठोकळ्यातून पाणी जबरदस्तीने ढकलू नका. पंपाच्या तोंडाला बांधलेला, बंद डब्यात दाबून भरलेला किंवा ओव्हरफ्लोच्या (टँकमधून सम्पमध्ये पाणी उतरवणाऱ्या) पाइपाखाली ठेवलेला मीडिया अमोनिया उत्तम खातो, म्हणजे तुम्ही महाग बायोबॉल विकत घेतला. ठोकळ्याच्या चारी बाजूंनी पाणी संथ फिरत राहावं, एवढंच हवं. साचलेला कोपराही नको, नाहीतर नायट्रेट त्याच्यापर्यंत पोचणार कसं?

दुसरं गाळ, आणि इथे माझा आवाज चढतो. बारीक गाळाने छिद्रांची तोंडं बुजली की पोटाला काही मिळत नाही, आणि ठोकळ्यावर साचलेला गाळ स्वतःच अमोनिया सोडू लागतो. ज्या दोषासाठी बायोबॉल फेकले तोच दोष पैसे देऊन परत आणला. सम्पच्या पहिल्या कप्प्यात, पाणी खाली उतरतं तिथे, मीडिया ठेवलेला दिसला की माझा जीव कासावीस होतो. आधी फिल्टर सॉक (गाळ अडवणारी कापडी पिशवी), मग स्किमर, मग मीडिया, मग पाणी वर टँकमध्ये नेणारा रिटर्न पंप: हा क्रम मी कधीच बदलत नाही. ठोकळा तळावर टेकवूही नका. दिव्यांखाली लावतात ती प्लास्टिकची चौकटीदार जाळी कापून दोन-तीन सेंटिमीटरचे पाय द्या, म्हणजे खाली बसणारा गाळ नळीने ओढता येतो. गोळ्या किंवा रिंगा असतील तर एकाच थरात पसरा. जाळीच्या पिशवीत ठासून भरलेला दोन लिटर मीडिया म्हणजे गाळाची पिशवी. आणि त्या कप्प्यावर उजेड नको, नाहीतर वर शेवाळ धरतं.

तिसरी जाडी. पातळ रिंगेच्या भिंतीत दोन्ही बाजूंनी ऑक्सिजन शिरतो, पोट असं राहतच नाही. माझी पसंती जाड ठोकळ्याला आहे आणि ती मी लपवत नाही. पण जाडीची हौसही आवरावी. खूप खोल भागात नायट्रेटही पोचत नाही, आणि समुद्राच्या पाण्यात लिटरमागे पावणेतीन ग्रॅमच्या आसपास सल्फेट असतं. तिथे सडणारं काही शिरलं तर दुसरेच जिवाणू त्या सल्फेटवर जगू लागतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. ठोकळा उचलल्यावर कुजक्या अंड्यांचा वास आला तर कारण हेच.

चौथी गोष्ट लोक विसरतात ती म्हणजे वेळ. अमोनिया खाणारे जिवाणू दुप्पट व्हायलाच अर्धा ते एक दिवस घेतात, म्हणून नव्या टँकचं अमोनिया ते नायट्रेट हे चक्र बसायला चार ते सहा आठवडे जातात. आतलं काम त्यानंतर सुरू होतं. बाहेरचा थर पक्का झाल्याशिवाय पोटातला ऑक्सिजन संपतच नाही. तीन-चार महिने नायट्रेटचा आकडा बघून निर्णय घेऊ नका. शिवाय नायट्रेट खाणाऱ्यांना पाण्यात विरघळलेला सेंद्रिय कार्बनही लागतो, आणि तो जेवढा मिळेल तेवढंच काम होतं. ठोकळा ही संथ, मर्यादित मदत आहे. आकडा चाळीसवर असेल तर ठोकळ्याकडे बघू नका, खाद्याकडे बघा. शून्यावर आणण्याचा हट्टही नको. प्रवाळांना थोडं नायट्रेट लागतं. मी माझ्या टँकमध्ये पाच पीपीएमच्या आसपास ठेवतो आणि शून्य आलं तर काळजीत पडतो.

आता पृष्ठभागाच्या आकड्यांबद्दल, कारण डब्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात तेच छापलेलं असतं. लिटरमागे अमुकशे चौरस मीटर. या आकड्याने मीडिया निवडू नये. ॲक्टिव्हेटेड कार्बन घ्या. त्याच्या एका ग्रॅममध्ये हजार चौरस मीटरच्या घरात पृष्ठभाग असतो, पण त्यातला बहुतेक सगळा दोन नॅनोमीटरहून अरुंद छिद्रांत आहे. जिवाणू असतो साधारण एक मायक्रॉनचा, म्हणजे त्या छिद्राच्या पाचशे पट. तो आत शिरणार कसा? तो पृष्ठभाग पाण्यातले रंग आणि वास पकडायला आहे. मीडियाचंही तसंच: छिद्रं जिवाणू मावतील एवढी मोठी आणि एकमेकांना जोडलेली असली तर उपयोग, नाहीतर आकडा कागदावरचा. आणि दोन्ही सच्छिद्र म्हणून दोन्हींना एकच नियम लावू नका. कार्बन काही आठवड्यांत भरतो, तो बदलावाच लागतो. सिरॅमिक बदलायचं नसतं. दर सहा महिन्यांनी नवा मीडिया घाला असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

धुण्याचंही सांगून टाकतो. नवा ठोकळा आरओच्या पाण्यात, पांढरी भुकटी निघायची थांबेपर्यंत बुडवून हलवायचा. जुना धुवायचा तो फक्त टँकमधूनच काढलेल्या पाण्यात, वरचा गाळ निघेल इतपत. नळाखाली कधीही नाही. पालिकेच्या पाण्यातलं क्लोरीन जंतू मारायलाच घातलेलं असतं, ते तुमच्या जिवाणूंना वगळत नाही.

आपल्याकडे या ठोकळ्यांचं महत्त्व जरा जास्त आहे, त्याला कारण आहे. रीफ टँकची बर्लिन पद्धत उभी आहे ती समुद्रातून आणलेल्या जिवंत, म्हणजे जिवाणूंनी भरलेल्या, दगडावर आणि स्किमरवर. भारतात प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. मालवणला किंवा लक्षद्वीपला गेलात म्हणून प्रवाळाचा दगड पिशवीत टाकून आणता येत नाही, आणि आणूही नये. त्यामुळे आपण कोरड्या दगडाने सुरुवात करतो. तो सच्छिद्र असला तरी निर्जीव असतो, काही वेळा घट्टही असतो. अशा टँकमध्ये ठोकळ्याचं पोट खरंच उपयोगी पडतं. जुन्या, नीट चाललेल्या टँकमधला मूठभर मीडिया मित्राकडून मिळाला तर नव्या ठोकळ्याशेजारी ठेवा, वसाहत लवकर धरते.

ज्यांच्याकडे बायोबॉलचा टँक वर्षानुवर्षं नीट चालू आहे त्यांनी एका रविवारी सगळे चेंडू उपसून काढू नयेत. एका परिचितांनी तसं केलं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला, मासे वर येऊन श्वास घेतायत म्हणून. टँकमधला अमोनिया खाणारे बहुतेक जिवाणू त्या चेंडूंवरच होते. आधी ठोकळा ठेवा, दोन महिने दोन्ही एकत्र चालू द्या, मग दर आठवड्याला मूठभर चेंडू काढा, आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अमोनिया मोजा. मासे कमी असतील आणि नायट्रेट पाण्याच्या बदलीने आटोक्यात राहत असेल, तर चेंडू काढायची गरजही नाही. फक्त गाळ धुऊन काढत राहा.

एक फरक मात्र वीज गेल्यावर कळतो. ठिबकत्या बायोबॉलला पंप थांबला तरी भोवती हवा असते, ओल टिकेपर्यंत जिवाणू तग धरतात. ठोकळा थांबलेल्या पाण्यात बुडून असतो. त्याचे बाहेरचे जिवाणू आजूबाजूचा ऑक्सिजन संपवतात आणि मग गुदमरतात. उन्हाळ्यात जिथे तासन्‌तास वीज जाते तिथे बॅटरीवरचा एअर पंप घेतात सगळे, पण त्याची नळी वर माशांच्या टाकीत सोडतात. नळीला दोन फाटे लावा, एक वर माशांसाठी आणि एक सम्पमध्ये, ठोकळ्याच्या शेजारी.